स्टीमपंक म्हणजे काय? जुन्या यंत्रांच्या प्रेमात पडलेली कला

पितळी दातेरी चाकं, तांब्याच्या नळ्या, चामडी पट्ट्याचे गॉगल. असे फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिले असतील. या शैलीला 'स्टीमपंक' म्हणतात. १९व्या शतकातली वाफेची यंत्रं आणि कल्पनेतलं विज्ञान यांची ही सरमिसळ आहे.

नाव कुठून आलं?
अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ मध्ये 'लोकस' मासिकाला लिहिलेल्या पत्रात हा शब्द सुचवला. तेव्हा तो कादंबऱ्यांबद्दल होता. पुढे शिल्पं, घड्याळं, दागिनेही त्यात आले. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या विज्ञान इतिहास संग्रहालयात स्टीमपंकचं प्रदर्शन भरलं.

लोकांना हे का आवडतं?
आपला फोन आतून कसा चालतो, हे दिसत नाही. इथे प्रत्येक चाक फिरताना दिसतं.

१२ मीटर उंच हत्ती
याच धाटणीचं मोठं उदाहरण फ्रान्समधल्या नाँत शहरात आहे. तिथला जहाजबांधणी कारखाना १९८७ मध्ये बंद पडला. त्याच जागेवर २००७ पासून लाकूड आणि पोलादाचा यांत्रिक हत्ती सुमारे ५० प्रवाशांना पाठीवर घेऊन फिरतो.

मग आक्षेप कशावर?
नाँतमध्येच जन्मलेल्या ज्यूल्स व्हर्न यांच्या १८८० च्या कादंबरीतही वाफेचा हत्ती आहे. तो १८५७ नंतरच्या भारतात युरोपियन प्रवाशांना फिरवतो आणि त्यात खलनायक आहेत नानासाहेब पेशवे! म्हणूनच टीकाकार विचारतात: यंत्रांची चमक आठवताना साम्राज्य विसरायचं का?