प्रवरा खोऱ्यातील आंतरविद्याशाखीय संशोधन

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरा नदीच्या खोऱ्यात विसाव्या शतकात निरनिराळ्या विद्याशाखांच्या प्राध्यापक-संशोधकांनी मिळून केलेल्या अभ्यासाची परंपरा. जोर्वे (ता. संगमनेर), नेवासे, चिरकी (नेवाशाजवळ) आणि दायमाबाद (ता. श्रीरामपूर) ही तिची प्रमुख स्थळे होत. पुण्याचे डेक्कन कॉलेज हे या कामाचे मुख्य केंद्र होते. दायमाबादचे उत्खनन मात्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने केले. पुरातत्त्वज्ञांच्या जोडीला भूशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, प्राणिशास्त्रज्ञ, मानवशास्त्रज्ञ, वस्त्रतंत्रज्ञ आणि भौतिकीचे अभ्यासक यांनी या खोऱ्यातील अवशेषांवर काम केले. महाराष्ट्राच्या लिखित इतिहासापूर्वीच्या जीवनाचे आज मान्य असलेले चित्र बव्हंशी या सहकार्यातून उभे राहिले.

प्रदेश : प्रवरा सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि अकोले, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे या भागांतून वाहत जाऊन प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. नदीने कापलेल्या उंच दरडींमध्ये गाळाचे आणि गोट्यांचे थर एकावर एक उघडे पडलेले दिसतात. त्यामुळे अश्मयुगाच्या अभ्यासाला हे खोरे सोयीचे ठरले. काठावरच्या जुन्या वसाहतींची टेकाडे स्थानिक बोलीत ‘पांढर’ म्हणून ओळखली जातात. शतकानुशतकांची राख, शेण, मातीच्या भिंती आणि खापरे साचून ही पांढरी माती तयार होते. भोवतालच्या काळ्या रानात ती लांबूनही वेगळी दिसते.

१९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या कालव्यांनी खोऱ्याचे रूप पालटले. आजचे श्रीरामपूर हे पूर्वी बेलापूर रोड या नावाने ओळखले जाई. दौंड-मनमाड लोहमार्ग, कालवे, ऊस आणि बाजारपेठ यांच्या बळावर ते वाढले.

पार्श्वभूमी : डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. भाषाशास्त्र, संस्कृत, मराठ्यांचा इतिहास, समाजशास्त्र-मानवशास्त्र आणि प्राचीन इतिहास हे विषय तेथे एकाच आवारात नांदत होते. हसमुख धीरजलाल सांकलिया (१९०८–८९) आणि इरावती कर्वे (१९०५–७०) हे तेथले सहकारी. १९४० च्या दशकात गुजरातेत लांघणज येथे मानवी सांगाडे सापडले, तेव्हा सांकलियांच्या पुरातत्त्वाला कर्व्यांच्या मानवशास्त्राची जोड मिळाली. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक ग. म. कुरुलकर यांनीही त्या सांगाड्यांच्या अभ्यासात भाग घेतला. लंडन विद्यापीठाचे फ्रेडरिक झॉयनर यांनी गुजरातेतील नदीच्या थरांचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५० मध्ये प्रसिद्ध केला. अवजार कोणत्या थरात सापडले आणि तो थर कोणत्या हवामानात साचला, हा भूशास्त्राचा प्रश्न पुरातत्त्वाचाही झाला. हीच दृष्टी पुढे प्रवरेकाठी आली.

जोर्वे आणि नेवासे : सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये जोर्वे येथे उत्खनन केले. तांबड्या पृष्ठावर काळ्या रंगाची नक्षी असलेली, खणखणीत भाजलेली, तोटीची भांडी ही तेथल्या संस्कृतीची खूण. महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगाच्या या टप्प्याला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव त्यावरूनच पडले.

१९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला मोठे उत्खनन झाले. ज्ञानेश्वरीमुळे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असलेल्या या गावाचा इतिहास त्यातून अश्मयुगापर्यंत मागे गेला. नदीच्या थरांत सापडलेल्या मध्यपुराणाश्मयुगीन अवजारांना ‘नेवासीय’ अशी संज्ञा मिळाली. अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर सांकलिया, देव, झैनुद्दीन अन्सारी आणि जर्मन मानवशास्त्रज्ञ सोफी एऱ्हार्ट अशी चार नावे आहेत. सांगाड्यांची तपासणी करणाऱ्या अभ्यासकाचे नाव मुखपृष्ठावर सहलेखक म्हणून छापणे ही या परंपरेची महत्त्वाची खूण होय. दुसऱ्या शाखेच्या माणसाकडून काम करून घ्यायचे आणि ते परिशिष्टात टाकायचे, ही सर्वत्र आढळणारी रीत येथे मोडली गेली.

नेवाशाचे सूत : येथील सहकार्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे एका लहान मुलाच्या गळ्यातील माळ. नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन थरात एका बालकाच्या सांगाड्याच्या गळ्याशी तांब्याचे मणी सापडले. मण्यांच्या भोकांत दोऱ्याचे तुटक अवशेष टिकून होते. महाराष्ट्राच्या हवामानात सूत तीन हजार वर्षे टिकत नाही. येथे मात्र तांब्याच्या गंजातून उतरलेल्या क्षारांनी ते कुजू दिले नाही.

मणी तांब्याचे आहेत हे उत्खननकारांना कळत होते, पण दोरा कशाचा हे सांगणे त्यांच्या विद्येबाहेरचे होते. ते काम मुंबईत माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेशी संबंधित असलेल्या अ. ना. गुलाटी यांनी केले. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू पाहून त्यांनी दोऱ्यात रेशीम असल्याचा आणि त्याबरोबर कापसाची गुंतवळ असल्याचा निष्कर्ष काढला. डेक्कन कॉलेजने १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक अहवालांच्या खंडात हे टिपण आले. त्याच खंडात प्राणिअवशेषांवर जूलिएट क्लटन-ब्रॉक यांचा आणि प्राचीन धान्यावर लखनौचे वनस्पतिशास्त्रज्ञ विष्णू-मित्रे यांचा लेख आहे. भारतातील प्राचीन रेशमाचा विषय पुढे जगभर चर्चिला गेला. २००९ मध्ये आयरीन गुड, जोनाथन केनॉयर आणि रिचर्ड मेडो यांनी हडप्पा व चन्हुदडो येथील त्याहूनही जुने रेशीम ओळखले. त्यांपैकी हडप्पा येथील तंतूही धातूच्या वस्तूंत टिकून राहिले होते.

चिरकी : नेवाशाजवळ चिरकी येथे जर्मन संशोधक गुड्रून कोर्विनुस यांनी १९६६ ते १९६९ या काळात काम केले. भूशास्त्र आणि प्रागितिहास या दोन्ही शाखांत त्यांची गती होती. हातकुऱ्हाडी आणि फरशा नदीने वाहून आणल्या की माणसांनी तेथेच बसून घडवल्या, हे ठरवताना त्यांना दोन्ही विद्या उपयोगी पडल्या. प्रवरा नदीप्रणालीवरील त्यांचा अभ्यास १९८० च्या दशकात दोन खंडांत प्रसिद्ध झाला. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू हे मूळचे भूशास्त्राचे विद्यार्थी. पश्चिम महाराष्ट्रातील नद्यांच्या गाळथरांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला आणि भू-पुरातत्त्व ही शाखा भारतात रुजवली.

दायमाबाद : श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावरील हे पांढरीचे टेकाड भा. पु. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये उजेडात आणले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यातर्फे म. न. देशपांडे (१९५८-५९), शि. रं. राव (१९७४-७५) आणि शां. आ. साळी (१९७५-७६ ते १९७८-७९) यांनी येथे उत्खनने केली. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच सांस्कृतिक टप्पे येथे ओळखले गेले. त्यांचा काळ साधारणतः इ. स. पू. २३०० ते १००० असा मानला जातो. साळी यांचा अहवाल १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला.

खात्याने खणलेल्या या स्थळाच्या अभ्यासात विद्यापीठीय विद्वानांचा वाटा मोठा आहे. येथील वनस्पती-अवशेषांवर डेक्कन कॉलेजचे मु. द. काजळे यांनी १९७७ मध्ये टिपण प्रसिद्ध केले. जळून कोळसा झालेले दाणे आकार टिकवून धरतात. त्यावरून गहू, सातू, मसूर, वाटाणा यांसारखी पिके ओळखता येतात. प्राण्यांच्या हाडांवरून पाळीव जनावरे आणि शिकार यांचा अंदाज बांधला जातो. घरातील जमिनीखाली पुरलेल्या लहान मुलांच्या सांगाड्यांवरून मानवशास्त्रज्ञांना त्या काळच्या बालमृत्यूंविषयी आणि आहाराविषयी बोलता येते. दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत मूल पुरण्याची चाल जोर्वे संस्कृतीत सर्वत्र दिसते.

मूर्तींचा वाद : १९७४ मध्ये दायमाबादच्या एका ग्रामस्थाला झुडपाच्या बुडाशी खणताना धातूच्या चार भरीव वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ व त्यात उभा असलेला सारथी, गेंडा, रेडा आणि हत्ती असे त्यांचे स्वरूप. रथाची लांबी सुमारे ४५ सेंमी. असून त्याच्या दांडीवर कुत्रा उभा आहे. सर्व मूर्तींचे एकत्रित वजन ६० किग्रॅ.हून अधिक भरते. देशपांडे, राव आणि साळी यांनी परिस्थितिजन्य पुराव्यावरून त्यांचा काळ उत्तर हडप्पा ठरवला. भौतिकीच्या अंगाने पुरातत्त्वात आलेले डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणावर बोट ठेवले. या मूर्तींत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आढळले, आणि इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत आर्सेनिकची मिश्रणे दिसत नाहीत. त्यावरून मूर्ती नंतरच्या काळातील असू शकतील, असे त्यांनी मांडले.

मूर्ती उत्खननाच्या खड्ड्यात, थराच्या संदर्भात सापडल्या नसल्याने वाद पूर्ण मिटलेला नाही. तरीही तो मोलाचा आहे. शैली पाहणाऱ्याने प्रयोगशाळेचा आकडा टाळायचा नाही आणि आकडा देणाऱ्याने शैली व स्थळ यांकडे पाठ फिरवायची नाही, ही शिस्त त्याने घालून दिली. विद्याशाखांच्या सहकार्याची खरी कसोटी मतभेदाच्या वेळी लागते. त्या कसोटीला ही पिढी उतरली.

कार्यपद्धती : या सहकार्याची सुरुवात उत्खननाच्या खड्ड्यातच होई. माती थराथराने काढली जाई आणि प्रत्येक वस्तूसोबत थराची नोंद ठेवली जाई. धान्य, हाडे, कोळसा आणि माती यांचे नमुने वेगळे करून ज्या त्या अभ्यासकाकडे पाठवले जात. कोळशाचे कालमापन १९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत कार्बन-१४ पद्धतीने होऊ लागले. नमुना कुठल्या थरातला आहे हे अचूक नोंदलेले नसेल, तर प्रयोगशाळेतील उत्तम मोजमापही वाया जाते. म्हणून शास्त्रज्ञाचे यश उत्खननकाराच्या टाचणवहीवर अवलंबून असे. ही पद्धत इनामगाव (जि. पुणे) येथील १९६८ ते १९८३ च्या उत्खननात पूर्णत्वाला गेली. म. के. ढवळीकर, सांकलिया व अन्सारी यांच्या त्या अहवालात पिके, प्राणी, मानवी अवशेष आणि हवामान या सर्वांचा मेळ घातलेला आहे. इ. स. पू. १००० च्या सुमारास दायमाबादसारख्या वसाहती ओस पडल्या, तर इनामगावची वस्ती पुढे सुमारे तीनशे वर्षे टिकली. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले.

परिषदा आणि व्यासपीठे : १९६४ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय प्रागितिहासावर परिसंवाद भरला. त्यातील निबंध वि. ना. मिश्र आणि म. श्री. माटे यांच्या संपादनाखाली १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रागितिहास व चतुर्थक कालखंड यांच्या अभ्यासकांच्या संस्थेने १९७७ पासून ‘मॅन अँड एन्व्हायरन्मेंट’ हे नियतकालिक चालवले. पुरातत्त्व, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि भौतिकी यांच्या अभ्यासकांना त्यामुळे एकमेकांचे लेखन एकाच ठिकाणी वाचायला मिळू लागले.

समांतर प्रवाह : याच खोऱ्यात अर्थशास्त्रानेही कुंपण ओलांडले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ (१९०१–७१) यांचा गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करणारा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाटबंधारे, शेती आणि बाजार यांचा हिशेब त्यात एकत्र मांडला आहे. पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणी परिसरात उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपद गाडगीळांनी स्वीकारले. प्राध्यापकाने पाहणी करून अहवाल लिहावा आणि त्याच रानातल्या शेतकऱ्यांबरोबर कारखानाही उभारावा, असे उदाहरण विरळा. १९६८ मध्ये शेजारच्या राहुरी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही अंगे तेथे एका छत्राखाली आली.

मूल्यमापन : प्रवरा खोऱ्यातील सहकार्य आदेशाने घडले नाही. एखादी वस्तू हाती आली, तिने विचारलेला प्रश्न एका विद्येला सुटेना, म्हणून दुसरीचे दार ठोठावले गेले. चांगल्या सहकार्याच्या तीन अटी येथे स्पष्ट दिसतात : अभ्यासाचा विषय सामाईक असणे, नोंदी सर्वांना वापरता येतील इतक्या नेटक्या असणे आणि श्रेय नावानिशी देणे. मर्यादाही आहेत. तज्ज्ञ बहुधा पुण्या-मुंबईचे आणि परदेशचे होते. खोऱ्यातील महाविद्यालयांचा आणि ग्रामस्थांचा सहभाग मजुरी, माहिती आणि आदरातिथ्य यांपलीकडे फारसा गेला नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बहुविद्याशाखीय शिक्षणावर भर दिला आहे. श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी येथील महाविद्यालयांत इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक एकाच इमारतीत असतात, आणि दायमाबाद त्यांच्या आवाक्यात आहे. पांढरीच्या टेकाडांची नोंद, नदीच्या दरडींचे निरीक्षण, जुन्या पिकांच्या वाणांची माहिती आणि टेकाडांवरची माती खत म्हणून उपसून नेण्याला आळा, ही कामे मोठ्या निधीवाचून सुरू करता येतात. पूर्वसूरींची शिस्त त्यांच्या हाताशी आहे. तिचा वापर खोऱ्यातल्याच शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी केला, तर जी उणीव पहिल्या पिढीच्या कामात राहिली ती भरून निघेल.