आपल्या मिरवणुकीतला जपान

रायपूरहून पुन्हा एकदा तुमच्यासमोर हजर आहे. या मालिकेत आजवर लढाया झाल्या, गडकोट झाले, बिंबाजी भोसल्यांचं छत्तीसगड झालं. आज विषय गाण्याचा आहे, आणि तोही जपानी गाण्याचा. निवृत्त फौजी माणसानं हे कुठून काढलं, असं काहींना वाटेल.

माझ्या पिढीच्या फौजी माणसाला जपान भेटतो तो १९४४ सालात. संगशाक, कोहिमा, इंफाळ. त्या मार्चमध्ये संगशाकला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन पॅराशूट ब्रिगेडसोबत लढली. तिथं जपान्यांचे जे दिवस खर्ची पडले ते पुढे कोहिमाच्या उपयोगी आले, हे आम्ही नकाशावर काड्या ठेवून शिकलो. त्यामुळे जपानी माणूस माझ्या डोक्यात साठीपर्यंत संगीन लावूनच उभा होता.

त्याला खाली बसवलं युट्यूबनं. इंफाळच्या लढाईवरचे माहितीपट मी ओळीनं पाहत होतो. यंत्रानं बहुधा हिशेब केला की या गृहस्थाला जपान आवडतो, आणि एका रात्री आपणहून एक गाणं पुढे केलं. मारिया ताकेउची या गायिकेचं 'प्लास्टिक लव्ह', साल १९८४. शब्द एक कळला नाही. पण त्यातला बास गिटार ऐकून मी सरळ बसलो. आपल्याकडे आर. डी. बर्मन ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे घर परकं वाटत नाही.

या प्रकाराला 'सिटी पॉप' म्हणतात. सत्तरच्या दशकाची अखेर आणि ऐंशीचं दशक. जपानच्या हाती पैसा आला होता, गाडीत कॅसेट वाजत होती, १९७९ साली वॉकमन आला होता. त्याच वर्षी मिकी मात्सुबारा नावाच्या मुलीचं 'मायोनाका नो दोआ' हे पहिलं गाणं आलं. २०२० च्या अखेरीस ते गाणं जगभरच्या तरुणांनी उचललं. मिकी मात्सुबारा २००४ सालीच गेली होती.

पण हा सगळा जपान माझ्या दारावरून दरवर्षी वाजत जातो, हे कळायला मला आणखी काही महिने लागले.

आधी बेंजो घ्या. गिरगाव, लालबाग, परळ आणि तिथून कोकणात गावोगाव पोचलेली बेंजो पार्टी. रवी जाधवांनी २०१६ साली याच नावाचा हिंदी चित्रपट काढला, रितेश देशमुख होता त्यात. हा बेंजो म्हणजे अमेरिकेतला गोल चामड्याचा बँजो नव्हे. हा आडवा लाकडी पेटीसारखा, वर तारा, आणि टाइपरायटरसारख्या कळा. टाइपरायटरसारख्या म्हणजे अक्षरशः. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी जुन्या दोन तारांच्या कोतोला टाइपरायटरच्या कळांची कल्पना जोडली. त्याच वर्षी सम्राट ताइशो गादीवर आले होते, म्हणून वाद्याचं नाव ताइशोगोतो. ते हिंदुस्थानात आलं आणि बुलबुलतरंग झालं. पुढे मुंबईच्या पोरांनी त्याला विजेचा पिकअप लावला, भोंग्यातून काढलं, आणि ते नागोयाचं घरगुती वाद्य गणपतीपुढे नाचायला लागलं. आपण त्याला शंभर टक्के आपलं समजतो. माझ्या मते ते बरोबरच आहे.

दुसरी गोष्ट धुमालची. नागपूर, दुर्ग, रायपूर या पट्ट्यात राहणाऱ्यांना धुमाल समजवावी लागत नाही. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांसाठी सांगतो: ढोल-ताशांचा ताफा, सोबत गाडीवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि कर्ण्यांची भिंत. विसर्जनाला खारून नदीवरच्या महादेव घाटाकडे हा ताफा निघाला की छातीत धडधडतं. डॉक्टरांनी मला लांब उभं राहायला सांगितलंय. मी लांबच उभा राहतो, पण ऐकतो.

एकदा वाटेत ताफा थांबला असताना ऑक्टोपॅडवाल्या मुलाला विचारलं, "ये कहाँ का है?" तो म्हणाला, "रोलँड है साहब, जापान का." आणि आदरानं त्यावरची धूळ पुसली.

या रोलँडमागच्या माणसाची गोष्ट आमच्या १९४४ पाशीच सुरू होते. इकुतारो काकेहाशी, जन्म ओसाका, १९३०. आई-वडील क्षयानं लहानपणीच गेले. युद्धाच्या काळात हा पोरगा गोदीत, जिथं छोट्या पाणबुड्या बनत तिथं, कामाला होता. युद्ध हरल्यावर घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करू लागला. मग त्यालाही क्षयानं गाठलं, आणि स्ट्रेप्टोमायसिननं वाचवलं. संगीताचं शिक्षण शून्य. १९७२ साली त्यानं रोलँड कंपनी काढली. १९८० साली टीआर-८०८ नावाचं तालयंत्र आलं, १९८५ साली पहिला ऑक्टोपॅड: काठीनं वाजवायचे आठ चौकोन. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून १९८३ साली मिडी ही पद्धत आली, तिच्यामागेही हा होता. त्याबद्दल २०१३ मध्ये अमेरिकेच्या डेव्ह स्मिथसोबत त्याला तांत्रिक ग्रॅमी मिळाला. २०१७ साली तो गेला.

इथं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तात्यापाऱ्यातले एक म्हातारे ढोलकीवाले माझ्या ओळखीचे आहेत. ते म्हणतात, "त्या एका पाटीनं आमची चार माणसं घरी बसवली." खोटं नाही. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंतही साठ-साठ व्हायोलिनं होती, ती अशीच ओसरली. धुमालचा तो पोरगा मात्र ऑक्टोपॅडवर घर चालवतो. या दोघांत न्याय करायला मी बसलेलो नाही, पण जपानी यंत्राचं कौतुक करताना त्या म्हाताऱ्यांचा चेहरा समोर येतो.

आता मुंबईतला खरा नवल वाटणारा प्रकार. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले वादक. त्यांनी रोलँडची तीन यंत्रं जमवली: ८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८. टीबी-३०३ खरं तर गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. ते बाजारात साफ पडलं आणि १९८४ मध्ये बंद झालं. चरणजित सिंगांनी १९८२ सालीच त्यावर ललत, मेघमल्हार, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून एचएमव्हीकडून तबकडी काढली. कुणी विचारलं नाही. १९८७ साली शिकागोच्या पोरांनी तेच टाकून दिलेलं ३०३ पिळून 'ॲसिड हाऊस' नावाचा प्रकार काढला आणि जग नाचलं. २०१० मध्ये मुंबईची तबकडी पुन्हा छापली गेली तेव्हा ऐकणारे चक्रावले: हे पाच वर्षं आधीचं! सिंग २०१५ मध्ये मुंबईत वारले. शेवटची काही वर्षं परदेशात त्यांना बोलावून ऐकलं गेलं, एवढं तरी झालं.

उलट्या दिशेनंही माणसं आली. ताकेहिसा कोसुगी या व्हायोलिनवादकानं १९६९ मध्ये एक मंडळी जमवली, नाव 'ताज महाल ट्रॅव्हलर्स'. नावाप्रमाणे ही मंडळी गाडीत वाद्यं टाकून युरोपहून निघाली आणि थेट ताजमहालापर्यंत आली. त्यांचं संगीत म्हणजे ना ताल, ना चाल. नुसते लांब, प्रतिध्वनीत बुडालेले सूर. पहिल्यांदा मी दहा मिनिटांत बंद केलं. मग एकदा रात्री दिवा घालवून ऐकलं, आणि तंबोरा जुळवताना ऐकणाऱ्याला जे होतं ते झालं. हारुओमी होसोनो १९७८ मध्ये चित्रकार तादानोरी योकोओसोबत भारतात आला, इथं आजारी पडला, आणि परत जाऊन 'कोचीन मून' नावाचा सिंथेसायझरचा अल्बम केला. त्यात आपल्या देशाचं सौंदर्य कमी आणि पोटदुखी जास्त ऐकू येते. मला तो अल्बम फार आवडतो.

याच होसोनोनं पुढे र्युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांच्यासह 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा' काढला. काकेहाशीचं ८०८ सुरुवातीला उचलणारे हेच. त्याआधी 'हॅपी एंड' या चमूत असताना त्यानं एक वाद ओढवून घेतला होता: रॉक जपानी भाषेत गाता येतं का? मोठमोठे म्हणत, येत नाही, शब्द बसत नाहीत. 'हॅपी एंड'नं १९७१ साली 'काझेमाची रोमान' हा अल्बम जपानीत करून दाखवला. मराठी रॅपवर नाकं मुरडणारे आमचे काही मित्र हा भाग ऐकत असतील तर त्यांनी तो अल्बम जरूर ऐकावा.

साकामोतो आणि ताकाहाशी दोघेही २०२३ मध्ये गेले. साकामोतोनं १९८३ च्या 'मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स' मध्ये जावामधल्या युद्धकैद्यांच्या छावणीचा जपानी कॅप्टन उभा केला आणि संगीतही दिलं. तो मी दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा फक्त संगीतासाठी.

सुरुवात कुठून करू, असं मला विचाराल तर 'ताज महाल ट्रॅव्हलर्स'पासून नको, घरचे ओरडतील. हिरोशी योशिमुराचं १९८२ चं 'म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स' लावा. पहाटे, चहा उकळत असताना, आवाज कमी ठेवून.