घासापासून फोडीपर्यंत : देहू परिसरातील कुत्र्याचे अन्न

इंद्रायणीकाठच्या देहूत आणि आसपासच्या गावांत कुत्र्याला अन्न देणे ही बाब दीर्घकाळ आहारशास्त्राची नव्हे, तर गृहस्थधर्माची होती. गृहस्थाच्या पाच नित्य यज्ञांपैकी भूतयज्ञात, म्हणजे प्राणिमात्रांना अन्नाचा वाटा देण्याच्या विधीत, कुत्र्याचा उल्लेख मनुस्मृतीत येतो आणि श्राद्धाच्या पंचबलीतही गाय व कावळ्यासोबत त्याचा घास वेगळा काढला जातो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव वारकऱ्यांच्या कथापरंपरेत आहेत, तर खंडोबाचे वाघ्ये स्वतःलाच देवाचे कुत्रे मानून कोटंब्यात, म्हणजे लाकडी भिक्षापात्रात, अन्न घेत. चंपाषष्ठीला बाजरीचे रोडगे, वांग्याचे भरीत आणि पातीचा कांदा यांचा नैवेद्य झाल्यावर कुत्र्यालाही घास घालण्याची प्रथा आहे. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, हे मात्र या परंपरेच्या गावीही नव्हते. घास द्यावा की नाही, याचा विचार तिने पुरेपूर केला होता. घासात काय असावे, हे घरातल्या शिजवणाऱ्या हातांवर सोपवलेले होते.

त्यातून फारसे बिघडले नाही, याचे श्रेय बहुतांशी ज्वारी-बाजरीला द्यावे लागेल. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यामध्ये पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या प्रती पुष्कळ वाढलेल्या आहेत, असे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले; शेतकऱ्याच्या दारात शिळ्या भाकरीवर वाढलेल्या कुत्र्याला या निष्कर्षाचे नवल वाटण्याचे कारण नाही. फळ मुद्दाम कापून कुत्र्यापुढे ठेवण्याचा प्रघात त्या व्यवस्थेत नव्हता. झाडाखाली पडलेला आंबा, जांभूळ किंवा बोर त्याने आपले आपण खाल्ले तर खाल्ले.

हे चित्र पालटले ते कारखानदारीने. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलीन कारखाना उभा राहिला, 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1970 साली पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आणि 1982 साली महानगरपालिका मिळाली. 1685 साली नारायणमहाराजांनी सुरू केलेला तुकोबांचा पालखी सोहळा ज्या आकुर्डीत मुक्काम करतो, तेथेच स्कूटरचा कारखानाही आला. पुढे चाकणपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात गृहसंकुले वाढली, अंगणातला कुत्रा सदनिकेत आला, आणि मालकाच्या फळांच्या बशीतली फोड त्याच्या वाट्याला येऊ लागली.

त्याच काळात फळेही बदलली होती. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ 1960 साली स्थापन झाला. थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या वाणाने राज्यातील द्राक्षशेतीचे रूप पालटले, पुणे जिल्ह्यातच नारायणगाव-जुन्नर भागात बागा बहरल्या, तर तासगावचा बेदाणा घरोघरी पोचला. नेमके हेच फळ कुत्र्याला सर्वांत घातक निघाले. द्राक्षे वा बेदाणे खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे अमेरिकेतील प्राणी विषबाधा केंद्रात जमलेल्या नोंदींवरून विसाव्या शतकाच्या अखेरीस ध्यानात आले. त्यामागे द्राक्षातील टार्टारिक आम्ल असावे, असे अनुमान मांडले जाण्यास मात्र 2021 साल उजाडले. चिंचेतही ते भरपूर असल्याने चिंचही वर्ज्य ठरते. किती द्राक्षांनी अपाय होईल, हे कुत्र्यागणिक बदलते, त्यामुळे एखादा मणी चालेल असे म्हणण्याची सोय नाही, आणि कुत्र्याने ते खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता, पशुवैद्यकाकडे जाणे भाग पडते.

इतर बहुतेक फळांत धोका गराचा नसून बियांचा व कोयींचा असतो. आंब्याची कोय आतड्यात अडकते, सफरचंदाच्या बिया चावल्यास त्यांतून सायनाइड सुटते, आणि सीताफळाच्या बियांची पूड तर खेड्यांत उवा मारण्यासाठीच वापरली जाई. बिया व साल काढलेली पपई, कलिंगड, सफरचंद किंवा थोडे केळे निरोगी कुत्र्याला चालते, मात्र अशा खाऊचा वाटा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावा, असा पशुवैद्यकातील सर्वमान्य संकेत आहे. भाविकाच्या दृष्टीने अडचण वेगळीच आहे: वारीत वाटले जाणारे केळे कुत्र्यापुढे टाकले तर बिघडत नाही, पण प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, आणि प्रसाद नाकारणे, मग तो कुत्र्याच्या वतीने का असेना, अजूनही पुष्कळांना जड जाते.