आधी यादी, मग सूत्र

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शिक्षकांचे शिबिर होते. तेथे आम्ही एक साधा प्रश्न विचारला. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट अशा सहा चवी आहेत. त्यांतल्या कोणत्याही दोन एकत्र केल्या, तर किती प्रकार होतील? गणिताच्या शिक्षकांपुढे लगेच दुसराच प्रश्न उभा राहिला : हे पर्म्युटेशन की कॉम्बिनेशन? कोणी सूत्रात आकडे घालून ३० काढले, कोणी १५. मागे बसलेल्या, मराठी शिकवणाऱ्या एका बाईंनी मात्र वहीत जोड्या लिहायला घेतल्या होत्या. त्यांच्या १४ भरल्या. "एखादी राहिली असेल, पण कुठली ते कळत नाही," असे त्या म्हणाल्या.

आम्हाला त्या दिवसातले हे सर्वांत मोलाचे वाक्य वाटले. क्रमचय आणि संचय हा अकरावी-बारावीतला सर्वांत निसरडा धडा. त्यात चूक होते ती बहुधा दोनच प्रकारे : एखादी गोष्ट मोजायची राहते, किंवा एखादी दोनदा मोजली जाते. सूत्र यातल्या कशाचीच सूचना देत नाही. मग खात्री कशी करायची? आपल्याकडच्या जुन्या ग्रंथकारांनी या प्रश्नावर बराच विचार केलेला आहे. त्यांची वाट पाठ्यपुस्तकाच्या वाटेपेक्षा वेगळी आहे, आणि वर्गात ती उपयोगी पडते असा आमचा अनुभव आहे.

वैद्याची यादी

चवींचा प्रश्न आमच्या पदरचा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सहा रसांच्या मिश्रणांवर एक स्वतंत्र अध्यायच आहे. औषध देणाऱ्याला रसांचे सगळे मेळ माहीत असायला हवेत, म्हणून ते तेथे एकेक करून सांगितले आहेत. पद्धत अशी : गोड चव घ्या, तिच्या उरलेल्या पाचांशी पाच जोड्या होतात. आता गोड बाजूला ठेवा. आंबट घ्या, तिच्या पुढच्या चारांशी चार जोड्या. मग खारटाच्या तीन, तिखटाच्या दोन आणि कडूची तुरटाशी एक. ५ + ४ + ३ + २ + १ = १५.

तीन-तीन चवींचे मेळही याच रीतीने होतात. गोड असलेले १०, गोड वगळून आंबट असलेले ६, मग ३, मग १, एकूण २०. चारांचे १५, पाचांचे ६, सहांचा १, आणि सुटे रस ६. सर्व मिळून ६३.

येथे सूत्र कोठेच नाही. शिस्त मात्र आहे : एकदा बाजूला ठेवलेली चव पुन्हा हातात घ्यायची नाही. त्यामुळे कोणतीही जोडी दोनदा येत नाही, आणि प्रत्येक चवीची पाळी येत असल्यामुळे राहूनही जात नाही. शिबिरातल्या बाईंना ही रीत दाखवली, तेव्हा त्यांची राहिलेली जोडी त्यांनी स्वतःच अर्ध्या मिनिटात शोधली. ती तिखट-कडू होती.

छंदातला प्रस्तार

पुढची गोष्ट गणिताच्या शिक्षकांपेक्षा मराठीच्या शिक्षकांना अधिक ओळखीची वाटेल. वृत्ते शिकवताना आपण 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र पाठ करून घेतो. तीन अक्षरांचा एक गण, प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू, आणि गण आठ. आठच का? नववा का नाही? हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो.

पिंगलाच्या छंदःसूत्रात याचे उत्तर आहे. इसवी सनापूर्वीच्या या ग्रंथात आणि त्यावरच्या टीकांत यादी तयार करण्याची कृती मिळते. तिला 'प्रस्तार' म्हणतात. पहिल्या ओळीत सगळे गुरू लिहा. पुढची ओळ लिहिताना वरच्या ओळीत डावीकडून पहिला गुरू शोधा आणि त्याच्याखाली लघू लिहा. त्याच्या उजवीकडचे सर्व वरच्याप्रमाणे उतरवा. डावीकडे काही जागा असतील तर त्यांत गुरू भरा. सगळे लघू झाले की थांबा. गुरूसाठी 'ग' आणि लघूसाठी 'ल' लिहून पाहू :

१. गगग (म)
२. लगग (य)
३. गलग (र)
४. ललग (स)
५. गगल (त)
६. लगल (ज)
७. गलल (भ)
८. ललल (न)

कृती आपोआप चालते. डोके लावावे लागत नाही आणि विसरायला जागाही उरत नाही. एक अक्षर वाढले की जुनी सगळी यादी एकदा शेवटी गुरू लावून आणि एकदा लघू लावून येते. म्हणजे संख्या दुप्पट होते. ३ अक्षरांचे ८ प्रकार, ४ अक्षरांचे १६, आणि अनुष्टुभाच्या चरणासारख्या ८ अक्षरांचे २५६.

प्रस्तारानंतरचे प्रश्न अधिक मजेदार आहेत. समजा, यादीतली सहावी ओळ पुसली गेली. वरच्या पाच न लिहिता ती परत कशी मिळवायची? याला 'नष्ट' म्हणत. रीत अशी : संख्या सम असेल तर लघू लिहून तिची निमपट करा, विषम असेल तर गुरू लिहून, एक मिळवून निमपट करा. ६ सम, म्हणून ल, उरले ३. ३ विषम, म्हणून ग, मग ४ ची निमपट २. २ सम, म्हणून ल. उत्तर 'लगल', म्हणजे 'ज' गण. वरच्या यादीशी ताडून पाहावे. उलट प्रश्नाला, म्हणजे ओळ दिली असता तिचा क्रमांक सांगण्याला, 'उद्दिष्ट' असे नाव आहे. संगणकातल्या शून्य-एकच्या द्विमान पद्धतीशी याचे नाते वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

तिसरा प्रश्न : या आठांत एकच लघू असलेले किती? मोजले तर लघू नसलेला १, एक लघूचे ३, दोन लघूंचे ३, तीन लघूंचा १. ही संख्यांची ओळ मिळवण्यासाठी दहाव्या शतकातल्या हलायुधाने आपल्या टीकेत मेरुप्रस्तार सांगितला आहे. पर्वतासारखी उतरती घरे काढायची, कडेच्या घरांत १ लिहायचा, आणि मधल्या प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज. पाठ्यपुस्तकात हाच त्रिकोण पास्कलच्या नावाने येतो; पास्कलचा त्यावरचा प्रबंध १६६५ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. मेरूची सहावी ओळ १, ६, १५, २०, १५, ६, १ अशी आहे. पहिला १ सोडला, तर हे सुश्रुताचेच आकडे आहेत. लघू-गुरू निवडणे आणि चवी निवडणे हे एकच काम आहे, ते येथे दिसते.

अत्तराचे गणित

यादी हाताने लिहिण्याला मर्यादा असते. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत सुगंधी मिश्रणांचा विचार केला आहे. १६ द्रव्यांतून ४ निवडायची, तर १८२० प्रकार होतात असे तो सांगतो. एवढी यादी कोणी लिहीत नाही. त्यासाठी बेरजांची एक रीत आहे. एका स्तंभात १ ते १६ लिहा. शेजारच्या स्तंभात त्यांच्या चालत्या बेरजा मांडा : १, ३, ६, १०... असे १२० पर्यंत. त्यांच्या पुन्हा चालत्या बेरजा घेतल्या की १, ४, १०, २०... असे ५६० पर्यंत जाता येते. आणखी एकदा केले की १८२०. प्रत्येक वेळी स्तंभ एका घराने आखूड होतो. सुश्रुताच्या ५ + ४ + ३ + २ + १ आणि १० + ६ + ३ + १ या बेरजाच येथे मोठ्या प्रमाणावर झाल्या आहेत.

यानंतर श्रीधराच्या आणि महावीराच्या ग्रंथांत आपल्या ओळखीचा नियम येतो. महावीराचा गणितसारसंग्रह इ.स. ८५० च्या सुमाराचा, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला. नियम असा : एकूण संख्येपासून उलट क्रमाने आकडे मांडा, खाली १ पासून सुलट क्रमाने मांडा, वरच्यांच्या गुणाकाराला खालच्यांच्या गुणाकाराने भागा. १६, १५, १४, १३ यांचा गुणाकार ४३,६८०, १, २, ३, ४ यांचा २४, भागाकार १८२०. स्तंभांचे सगळे काम एका ओळीत आले.

हा भागाकार कशासाठी, हे विद्यार्थ्याला विचारले तर बहुधा उत्तर येते, "सूत्रातच आहे." खरे तर १६ × १५ × १४ × १३ करताना आपण प्रत्येक चौकडी तिच्या सर्व क्रमांनी, म्हणजे २४ वेळा मोजलेली असते. २४ ने भागणे ही जादा मोजणीची दुरुस्ती होय.

हातांतली आयुधे

क्रमांचा विचार भास्कराचार्यांनी लीलावतीच्या (इ.स. ११५०) 'अंकपाश' या शेवटच्या प्रकरणात केला आहे. संचयाचा नियम मात्र लीलावतीत बऱ्याच आधी, मिश्रव्यवहारात येतो. अंकपाशातले उदाहरण प्रसिद्ध आहे : शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे अदलाबदल करून दिली तर मूर्ती किती? आणि चार हातांच्या हरीच्या? उत्तरे ३६,२८,८०० आणि २४.

याच प्रकरणात २, २, १, १ हे अंक घेऊन किती संख्या होतात असेही विचारले आहे. येथे आमची एक फजिती सांगायला हवी. त्याच शिबिरात फळ्यावर लिहिता लिहिता आम्ही हा प्रश्न घातला, आणि घाईत स्वतःच "चार गुणिले तीन गुणिले दोन, चोवीस" असे म्हणून गेलो. मागून त्या बाईंचा आवाज आला, "सर, माझ्या सहाच भरतात." त्यांनी ११२२, १२१२, १२२१, २११२, २१२१, २२११ अशी चढत्या क्रमाने यादी केली होती, आणि त्यात सातवीला जागा नव्हती. भास्कराचार्यांचे उत्तरही सहाच. दोन २ ची आपसांतली अदलाबदल दिसत नाही, दोन १ ची दिसत नाही, म्हणून २४ ला दोनदा २ ने भागायला हवे होते. सूत्र आम्हाला येत होते. यादी डोळ्यांपुढे नव्हती.

देवगिरीचा दरबार

शेवटचा टप्पा महाराष्ट्रातला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला. तसे सांगणारा १२०७ सालचा शिलालेख तेथे असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. याच सिंघणाच्या देवगिरीच्या दरबारात शार्ङ्गदेव हा हिशेबखात्याचा वरिष्ठ अधिकारी होता. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला.

या ग्रंथात प्रस्तार स्वरांवर चालवला आहे. सात स्वर एकेकदाच घेतले, तर त्यांचे क्रम ५०४०. यादीची शिस्त छंदासारखीच : डावीकडचे आधी बदलायचे, उजवीकडचे शक्य तितके टिकवायचे. तीन स्वरांचे क्रम असे : सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. येथेही नष्ट आणि उद्दिष्ट आहेत, आणि त्यासाठी 'खंडमेरू' नावाचा तक्ता दिलेला आहे. भेंडीबाजार घराण्याच्या गायकीत मेरुखंड म्हणून जो अभ्यास ओळखला जातो, त्याचे मूळ हेच.

चार स्वरांचे एक उदाहरण पाहू. सा, रे, ग, म या मूळ क्रमाच्या यादीत 'गमसारे' कितवा? शेवटी रे आहे. त्यापूर्वी म शेवटी असलेले सहा आणि ग शेवटी असलेले सहा, असे १२ होऊन गेले. रे काढला, उरले ग, म, सा. यांत शेवटी सा आहे; त्यापूर्वी म शेवटी असलेले दोन आणि ग शेवटी असलेले दोन, असे ४ गेले. उरलेले ग, म मूळ क्रमातच आहेत, म्हणून आणखी काही गेले नाहीत. १२ + ४ = १६ गेले; म्हणून हा सतरावा. सगळे २४ लिहून वाचकांनी पडताळावे.

शिक्षकमित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते. हा धडा सुरू करताना पहिले दोन तास सूत्र फळ्यावर लिहू नये. मुलांना लहान संख्यांच्या याद्या करू द्याव्यात, आणि प्रत्येकाला विचारावे : काही राहिले नाही हे कशावरून? दोनदा आले नाही हे कशावरून? मुले आपापल्या शिस्ती शोधतात. त्यांतली एखादी सुश्रुताची निघते, एखादी पिंगलाची. शक्य असेल तर एक तास मराठीच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा. चार अक्षरांचा प्रस्तार मुलांकडून लिहून घ्यावा आणि त्यात दोन लघू असलेल्या ओळी मोजायला सांगाव्यात. त्या सहा भरतील. २, २, १, १ च्या संख्याही सहाच होत्या. हा योगायोग आहे का, ते मुलांनाच ठरवू द्यावे.