डायल टोन येतोय, मग नेट का तुटतंय? तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडची गोष्ट

लँडलाइनवर ब्रॉडबँड घेतलेल्यांना एक संवाद पाठ असेल. आपण सांगायचं, "नेट सारखं तुटतंय." पलीकडून प्रश्न यायचा, "डायल टोन येतोय का?" येतोय म्हटलं की, "मग लाइन ठीक आहे." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असायचे. हे कसं, ते आजच्या भागात पाहू.

त्यासाठी जरा मागे जाऊ. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ मध्ये. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिला की बाहेरचा गोंगाट कमी शिरतो, या युक्तीचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलने त्याच्या आदल्याच वर्षी घेतलं होतं. पुढची शंभर वर्षं जगभर ही जाळी एकाच कामासाठी विणली गेली: माणसाचा आवाज. त्याला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो. लांबच्या लाइनवर आवाज स्पष्ट यावा म्हणून वेटोळी बसवत, आणि ती वरच्या सगळ्या लहरी अडवत. तेव्हा त्या कोणाला हव्याच नव्हत्या!

१५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं, तेही याच आवाजाच्या पट्ट्यातून. डायल-अप मॉडेमची मजल पुढे फार तर ५६ केबीपीएसपर्यंत गेली, आणि तेवढा वेळ फोन एंगेज.

या तारेवर आवाजाच्या वर मोकळी जागा आहे, हे अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन संस्थेत हेरलं गेलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या जोसेफ लेकलायडर यांनी एक साधी गोष्ट मांडली. घराकडे येणारा मजकूर जास्त, जाणारा कमी; मग दोन्ही दिशांना सारखा वेग कशाला? येणाऱ्या बाजूला जास्त जागा दिली की एकाच केबलमधल्या तारांची आपसातली कुरबुरही कमी होते. हेच एडीएसएल. तेव्हा डोळ्यांसमोर होता घरबसल्या सिनेमा!

१९९९ च्या आंतरराष्ट्रीय मानकात साधारण १.१ मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्याचे २५६ बारीक तुकडे केले आहेत. जोडणी होताना मॉडेम एकेक तुकडा तपासतो. स्वच्छ असेल तिथे जास्त माहिती भरतो, गोंगाट असेल तिथे कमी, फारच असेल तर तो तुकडा सोडूनच देतो. म्हणजे बघा, मॉडेम तार सुधारत नाही, तिच्याशी जमवून घेतो.

भारताच्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसपासून वर ब्रॉडबँड मानलं गेलं, आणि २००५ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलची सेवा सुरू झाली. तार मात्र तीच, आवाजासाठी टाकलेली.

आता त्या संवादाकडे येऊ. डीपी बॉक्समधला एखादा जोड गंजला, पावसात ओला झाला, तर बोलताना थोडी खरखर येते इतकंच. वरच्या लहरींचं मात्र तिथे पार मातेरं होतं. कधी उलटही होतं. जोडीतली एक तार तुटते, डायल टोन गायब, तरी मॉडेम रखडत चालू! कारण उंच लहरी छोटी फट कशीबशी ओलांडतात. त्यामुळे डायल टोनच्या चाचणीतून आवाजाची सेवा कळत होती, नेटची नाही.

जुने जाणकार लाइनमन म्हणून तपासणी क्रमानेच करत. आधी घरातली सगळी एक्स्टेन्शन काढायची आणि लाइन जिथे घरात शिरते त्या पहिल्याच रोझेटला मॉडेम लावायचा. तिथे नीट चाललं तर दोष घरातल्या वायरिंगचा. वापरात नसलेली लोंबती वायरसुद्धा सिग्नलचा प्रतिध्वनी उठवते. फोन वाजला की नेट जातंय? मग स्प्लिटर नाही, नाहीतर जोड कच्चा आहे. रिंगचा दाब डायल टोनपेक्षा बराच जास्त असतो.

यानंतर मॉडेमच्या पानावरचे दोन आकडे बघायचे. नॉइज मार्जिन ६ डेसिबलच्या खाली घुटमळत असेल तर लाइन तुटण्याची शक्यता जास्त. अशा वेळी वेग थोडा कमी करून मागितला तर जोडणी टिकते. अनेकांना हे पटायचं नाही, पण खरं आहे. दुसरा आकडा अटेन्युएशन, म्हणजे वाटेत झिजलेला सिग्नल. तो मुख्यतः एक्स्चेंजपासूनच्या तारेच्या लांबीवर ठरतो. पाचेक किलोमीटर तार असेल, तर कितीही तक्रारी केल्या तरी ती आखूड होत नाही. एक्स्चेंजजवळच्या आणि गावाच्या टोकाच्या घराला प्लॅन एकच, बिल एकच, पदरात पडायचं ते वेगळं.

फायबर आल्यावर अंतराचा हा भेद बराचसा मिटला. पण तुमच्याकडे अजून तांब्याची लाइन असेल, तर तक्रारीत नुसतं "नेट स्लो" लिहू नका. हे दोन आकडे, तुटण्याची वेळ, आणि पाऊस होता का, फोन वाजला होता का, तेही लिहा. डायल टोनवर मग कोणी बोळवण करणार नाही.