परंड्याची तोफ आणि रूमचा उस्ताद

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीसाठी बोअर घ्यायचं ठरलं. वर्गणी जमली, कमिटी बसली, आणि मग लक्षात आलं की बोअरमधलं कुणालाच काही कळत नाही. पाणाड्या हातावर नारळ ठेवून फिरला आणि त्यानं जागा दाखवली. गाडीवाल्यानं फुटाला भाव सांगितला. साडेचारशे फुटांवर धूळच उडत होती, तेव्हा तो म्हणाला, "अजून शंभर घेऊन बघू." नाही म्हणायचं कशाच्या आधारावर? हो म्हणायचं तरी कशाच्या? जमिनीखालचं त्यालाच माहीत, आणि पैसे मात्र आमचे. पाणी लागलं नाही. गाडी दुसऱ्या गावी निघून गेली.

त्या दिवसांत मला सारखी परंड्याची तोफ आठवत होती.

परंडा म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्याचं पश्चिमेचं टोक, बार्शीच्या पलीकडचं. किल्ल्याच्या बुरुजांवर आजही तोफा पडून आहेत. पण मी म्हणतो ती तिथे नाही, ती विजापूरला आहे. मलिक-ए-मैदान, मुलूख मैदान. अहमदनगरला हिजरी 956 मध्ये, म्हणजे 1549 साली ती ओतली गेली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात आली, आणि 1632 मध्ये आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं ती विजापूरला नेली. लांबी चौदा फुटांवर, नळीचं तोंड सव्वादोन फुटांहून थोडं जास्त, वजन साधारण 55 टन सांगतात. तोंडाशी जबडा पसरलेला सिंह आणि त्याच्या दाढेत हत्ती. तोफेवर कोरलेल्या लेखात दोन नावं आहेत. एक मालकाचं, स्वतःला पैगंबरांच्या घराण्याचा सेवक म्हणवणाऱ्या निजामशहाचं. दुसरं कारागिराचं: मुहम्मद बिन हसन रूमी.

रूम म्हणजे उस्मानी तुर्कांचा मुलूख. तोफेचा मालक बुऱ्हाण निजामशहा मात्र इथलाच. फरिश्ता सांगतो त्याप्रमाणे त्याचा पणजोबा पाथरीचा ब्राह्मण होता. म्हणजे मराठवाड्यातल्या घराण्यानं हजारो मैलांवरच्या मुलखातला माणूस कामाला लावला. आपल्याकडे ही तोफ 'मुसलमानी पराक्रम' म्हणून मिरवणारे आहेत आणि त्याच कारणासाठी तिच्यावर नाक मुरडणारेही आहेत. मला दोघांचंही नवल वाटतं. मला तिच्यात दिसतो तो एक व्यवहार: ज्याला ओतकाम येत नाही असा गिऱ्हाईक आणि ज्याला ते येतं असा उस्ताद.

तोफा दख्खनला नव्या नव्हत्या. ओतारीही होते, घंटा आणि भांडी ओतणारे. पण भांडं आणि 55 टनांची तोफ यात फार अंतर आहे. एवढा धातू एका भट्टीत मावत नाही. अनेक भट्ट्या एकाच वेळी तयार लागतात, आणि रस साच्यात खंड न पडता उतरावा लागतो. मध्ये थांबला तर तिथे सांधा राहतो, बाहेरून न दिसणारा. साच्यात ओल राहिली तर वाफ होऊन सगळं उडतं. हवा अडकली की आत पोकळ्या. ही तोफ सुमारे 80 भाग तांबं आणि 20 भाग कथील अशा मिश्रणाची आहे, म्हणून तिच्यावर ठोकलं की घंटेसारखी वाजते. तोफेच्या धातूत कथील साधारण दहाव्या हिश्शाच्या आसपास असतं. वाढवलं तर धातू कडक होतो आणि ठिसूळही. हे प्रमाण उस्तादाला कळतं. दरबारात बसलेल्याला फक्त चकाकी दिसते. खोट कळते ती बार उडाल्यावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. स्कॉटलंडचा दुसरा जेम्स राजा 1460 मध्ये रॉक्सबर्गच्या वेढ्यात स्वतःच्याच तोफेजवळ उभा होता. ती फुटली आणि तो मेला.

मग न कळणाऱ्यानं निवड करायची कशी? कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा सुलतान मुहम्मद याची गोष्ट इथे कामाची आहे. ऑर्बान नावाचा हंगेरीचा ओतारी आधी बायझंटिन बादशहाकडे गेला होता, पण तिथे पैसे पुरेनात. तो सुलतानाकडे आला. सुलतानानं त्याला एवढंच विचारलं की या शहराचे तट फोडणारी तोफ तू करशील का. पण ती लगेच करायला सांगितली नाही. आधी बॉस्फोरसच्या काठावरच्या किल्ल्यासाठी तोफ करवली. तिच्या गोळ्यानं 1452 मध्ये एक व्हेनिसचं जहाज बुडालं. मग एदिर्नेला मोठी तोफ ओतली, तिचाही बार घेऊन पाहिला, आणि तेव्हा कुठे ती शहराकडे निघाली. धातूबद्दल काही कळत नसलं तरी लहान कामावरून माणूस पारखता येतो. आमच्या कमिटीनं निदान गाडीवाल्याचे आधीचे चार बोअर तरी पाहायला हवे होते.

दुसरी गोष्ट बाबराची, आणि मला ती जास्त आवडते. पानिपतानंतर 1526 मध्ये आग्र्याला उस्ताद अली कुली मोठी तोफ ओतत होता. बाबर स्वतः पाहायला गेला. आठ भट्ट्या पेटल्या होत्या. रस वाहू लागला, पण साचा भरण्याआधीच तो आटला. उस्ताद इतका शरमला की त्या रसातच उडी घ्यायला निघाला. बाबरानं त्याची समजूत घातली आणि वर त्याला खिलत दिली. एक-दोन दिवसांनी साचा उघडला तर नळी नीट उतरली होती. दारूचं घर वेगळं ओतून जोडता आलं. पुढच्या वर्षी तिचा गोळा 1600 पावलांवर पडला. याच उस्तादाची दुसरी एक तोफ पुढे फुटली आणि आठ माणसं मेली, हेही बाबरानंच लिहून ठेवलं आहे. त्यानं लपवलं नाही आणि उस्तादालाही काढलं नाही.

अशा भरवशाला धोकाही होता. गुजरातच्या बहादूरशहाकडे एक तुर्की तोफखान्याचा प्रमुख होता, त्याचीही पदवी रूमीखान. 1535 मध्ये चित्तोड पडलं ते मुख्यतः त्याच्या तोफांनी. म्हणतात की किल्ला त्याला देण्याचा शब्द होता आणि तो पाळला गेला नाही. हुमायून चालून आला तेव्हा हा रूमीखान मंदसौरहून त्यालाच जाऊन मिळाला. सगळी विद्या एका माणसाच्या डोक्यात, आणि तो माणूस नाराज. बहादूरशहाला छावणी सोडून पळावं लागलं.

नगरच्या दरबारात हे कितपत बोललं गेलं असेल, कोण जाणे. पण परंड्याच्या तोफेकडे पाहताना मला दोन गोष्टी दिसतात. त्या काळी तोफ ओतणारा बऱ्याचदा तोफखान्याचा अंमलदारही असे. नगरची मक्का मशीद ज्यानं बांधली असं सांगतात, तो रूमीखानही निजामशाहीचा तोफखाना सांभाळणारा. म्हणजे बार उडताना कारागीर लांब दुसऱ्या गावी नसे, तो तोफेशेजारीच उभा असे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे नाव. बापाच्या नावासकट, मुलखासकट, धातूत. बिघडलं तर कुणाकडे जायचं हे शंभर वर्षांनीही वाचता यावं. नळदुर्गच्या पाणीमहालाचंही तेच. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, 1613 मध्ये बोरी नदीवरचा तो बांध झाला, आणि बांधणाऱ्या मीर इमादीनचं नावही सांगता येतं.

परंड्याहून विजापूरला तोफ नेताना दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. तिची जोडीदार कडक बिजली भीमेत बुडाली, अशीही आख्यायिका आहे. 1686 मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबानं तोफेवर आपला लेख कोरवला. जुनी नावं त्यानं खरवडली नाहीत.

1854 मध्ये इंग्रजांच्या अमलात ती भंगार म्हणून लिलावात निघाली. सर्वांत मोठी बोली लागली 150 रुपयांची. एवढ्या कमी पैशांत द्यायला एका अधिकाऱ्याचं मन घेईना, त्यानं वर कळवलं आणि विक्री रद्द झाली.