खलपात्राचा मध्यप्रवेश, अद्भुतरम्य मालिकांतील

अद्भुतरम्य दूरचित्रवाणी मालिका मध्यंतरानंतर पुन्हा सुरू होताना, किंवा तिचे कथानक निम्म्यावर आले असताना, तिच्यात नवे खलपात्र आणण्याची कथनपद्धती. पहिला शत्रू हरलेला असतो, नायक-नायिका निर्धास्त झालेली असतात आणि प्रेक्षकाला कथा संपत आल्यासारखी वाटू लागते. अशा वेळी नवे संकट येते आणि आधीच्या विजयाचा अर्थच बदलतो. मराठी प्रेक्षकाला ही पद्धती मालिकांमुळे परिचित असली, तरी तिची जडणघडण कीर्तन, जागरण-गोंधळ आणि दशावतार यांतून फार पूर्वीच झालेली आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीशी जोडलेले अंबरीष राजाचे आख्यान हे तिचे ठळक उदाहरण होय.

स्वरूप. अमेरिकी वाहिन्यांवरील मालिकेचा हंगाम साधारणपणे सप्टेंबरमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो. वीस-बावीस भागांच्या अशा हंगामात नाताळच्या सुमारास मोठी सुट्टी येते. त्यामुळे हंगामाचे दोन भाग पडतात आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र प्रतिपक्ष देण्याची सोय होते. ‘वन्स अपॉन अ टाइम’ (२०११–२०१८) या परीकथांवर आधारित मालिकेने ही रचना नेमाने वापरली. तिच्या तिसऱ्या हंगामाच्या पूर्वार्धात पीटर पॅन हे पात्र खलरूपात होते. डिसेंबर २०१३ मध्ये तो भाग संपला. ९ मार्च २०१४ रोजी मालिका परतली ती झेलिना या हिरव्या कांतीच्या चेटकिणीला घेऊन. रिबेका मेडर यांनी ती भूमिका केली. पीटर पॅन हा मालिकेतील रम्पलस्टिल्टस्किनचा बाप निघाला आणि झेलिना ही रेजिना राणीची सावत्र बहीण. दोन्ही वेळा नवा शत्रू जुन्या पात्रांच्या रक्तातून आला होता.

मराठी दैनंदिन मालिकेला असा ठरलेला हंगाम नसतो. ती आठवड्यातून पाच-सहा दिवस दाखवली जाते आणि तिचा शेवट आरंभी निश्चित नसतो. प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला येतात. २०१५ पासून हे मोजमाप बार्क ही संस्था करते. आकडे घसरू लागले की कथानकाला वळण देण्याचा दबाव लेखकावर येतो. काही वर्षांची झेप, विस्मरण, पुनर्जन्म, विशेष दीर्घ भाग आणि नवे खलपात्र ही त्या वेळची नेहमीची साधने होत. मालिकेच्या खंडांना मराठीत ‘पर्व’ म्हणतात. दोन पर्वांत काही वर्षांचे अंतरही असू शकते.

बार्शीचे अंबरीष आख्यान. बार्शी येथील भगवंत मंदिर हे विष्णूचे हेमाडपंती धाटणीचे मंदिर आहे. काळ्या पाषाणाच्या मूर्तीच्या मस्तकी शिवलिंग आणि छातीवर भृगू ऋषींचे पदचिन्ह असल्याचे भाविक सांगतात. पंढरपूरची एकादशी करून बार्शीला द्वादशीचे दर्शन घेण्याची परंपरा या भागात आहे. भक्त अंबरीषाच्या रक्षणासाठी भगवंत येथे आला, अशी स्थानिक श्रद्धा आहे.

या आख्यानाचा मूळ आधार भागवताच्या नवव्या स्कंधातील चौथ्या व पाचव्या अध्यायांत सापडतो. अंबरीषाने वर्षभर द्वादशीचे व्रत केले. कार्तिक महिन्यात व्रताची सांगता होती. तीन रात्री उपवास झाले, पूजा झाली, दानधर्म झाला. राजा पारणे करणार एवढ्यात दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले. राजाने त्यांना भोजनाचे आमंत्रण दिले. ते स्वीकारून ऋषी स्नानाला गेले आणि नदीवरच थांबले. द्वादशी संपत आली. पारणे चुकले तर व्रतभंग आणि अतिथीआधी जेवले तर धर्मभंग, अशा पेचात राजा सापडला. ब्राह्मणांच्या सल्ल्याने त्याने केवळ पाणी घेतले. परतलेल्या दुर्वासांना ते कळले. त्यांनी क्रोधाने जटा उपटून तिच्यातून कृत्या ही संहारक शक्ती निर्माण केली. ती राजावर धावून आली, पण राजा जागचा हलला नाही. सुदर्शन चक्राने कृत्येला जाळले आणि ते दुर्वासांच्या मागे लागले. ब्रह्मदेव आणि शंकर त्यांना वाचवू शकले नाहीत. विष्णूनेही आपण भक्ताधीन असल्याचे सांगून त्यांना राजाकडेच परत पाठवले. यात एक वर्ष गेले. तेवढा काळ अंबरीष पाण्यावर राहून ऋषींची वाट पाहत होता. दुर्वास शरण आले, तेव्हा राजाने चक्राची स्तुती करून त्यांना सोडवले आणि आधी त्यांना जेवू घालून मग स्वतः अन्न घेतले.

कथनाच्या दृष्टीने या आख्यानात तीन गोष्टी लक्षणीय आहेत. व्रत सुफळ झाल्याच्या क्षणीच संकट येते, म्हणजे खलप्रवेशाची वेळ अचूक साधलेली आहे. संकट राजाच्या सदाचरणातूनच उभे राहते. तो अतिथीला मान देणारा नसता, तर पेचच पडला नसता. शेवटी प्रतिपक्षाचा वध होत नाही, त्याला क्षमा मिळते. कृत्या हे केवळ शस्त्र आहे. ते पहिल्याच फेरीत नष्ट होते. खरा संघर्ष पुढे वर्षभर एका पळणाऱ्या आणि एका थांबलेल्या माणसामध्ये चालतो.

मराठी संतपरंपरेने या कथेला आणखी एक पदर जोडला. दुर्वासांनी राजाला अनेक गर्भवासांचा शाप दिला आणि ते गर्भवास विष्णूने स्वतःकडे घेतले, असे ती परंपरा सांगते. दहा अवतारांचे मूळ तिथे मानले जाते. मध्येच आलेल्या एका पात्राच्या शब्दातून पुढची सगळी कथामालिका जन्माला यावी, याहून मोठा मध्यप्रवेश कल्पिणे कठीण आहे.

नारदीय कीर्तनाची मांडणीही येथे विचारात घ्यावी लागते. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण होते. मग नामगजर होतो, बुक्का लावला जातो, कीर्तनकाराला हार घालतात. त्यानंतरच्या उत्तररंगात आख्यान रंगते. मध्ये थांबणे आणि थांबून परतताना नाट्य वाढवणे, ही सवय मराठी श्रोत्याला देवळाच्या सभामंडपात लागली होती.

इतर लोकपरंपरा. खंडोबाच्या कथेतील मणी आणि मल्ल हे दैत्य बंधूही याच संदर्भात येतात. मणी मरताना पश्चात्ताप पावतो, आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि देवाजवळ जागा मिळवतो. मल्लाचे मस्तक देवळाच्या पायरीशी येते आणि भक्तांच्या पायाखाली राहते. एकाच युद्धातील दोन शत्रूंचे असे दोन निराळे शेवट ही परंपरा करते. चंपाषष्ठीला या विजयाचा उत्सव होतो. सोलापूरजवळच्या बाळे येथील खंडोबाच्या यात्रेमुळे जिल्ह्यात ही कथा घरोघरी माहीत आहे. कोकणातील दशावतारात वेद पळवणारा संकासुर पूर्वरंगातच येतो. काळा वेश आणि लोंबती लाल जीभ असलेला हा राक्षस भय आणि विनोद दोन्ही निर्माण करतो.

भारतीय दूरचित्रवाणी. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ रोजी संपले. उत्तरकांडाचा भागही दाखवावा, ही मागणी उत्तर भारतातील सफाई कामगारांनी संप करून लावून धरली. त्यानंतर लव-कुशांची कथा पडद्यावर आली. रावण मेल्यानंतरच्या या परतीत मुख्य प्रतिपक्ष राक्षस नव्हता, लोकापवाद होता. प्रजेच्या बोलण्याने सीतेचा वनवास पुन्हा सुरू झाला. नवा शत्रू आधीच्यापेक्षा बलाढ्य असावाच लागतो, हा समज चुकीचा असल्याचे या कथेवरून दिसते.

देवकीनंदन खत्री यांच्या कादंबरीवरील ‘चंद्रकांता’ मालिकेत (१९९४) अखिलेंद्र मिश्र यांनी साकारलेला क्रूरसिंह गाजला. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘शक्तिमान’मध्ये तमराज किल्विष हा मूळ शत्रू मागे राहून नवनवे हस्तक पाठवत असे. दर वेळी नवे संकट आणि त्यामागे एकच अंधार, ही रचना मुलांना सहज समजली. २०१५ पासूनच्या ‘नागिन’मध्ये सुधा चंद्रन यांची यामिनी पहिल्या पर्वानंतर दुसऱ्या पर्वातही राहिली. सासू आणि शत्रू ही दोन्ही नाती तिच्यात एकत्र आली.

मराठी मालिका. या पद्धतीचे मराठीतील सर्वांत अभ्यासनीय उदाहरण झी मराठीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ हे आहे. तिचे पहिले पर्व २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झाले. कोकणातील आकेरी येथील वाड्यात चित्रित झालेली ही मालिका अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून उलगडते. नाईक कुटुंब वाड्यात एकत्र येते आणि भयप्रद घटना घडू लागतात. १४ जानेवारी २०१९ रोजी दुसरे पर्व आले, तेव्हा लेखकांनी काळ मागे नेला. पहिल्या पर्वात ज्याच्या मरणाने कथा सुरू झाली होती, तो माणूस आता जिवंत, धडधाकट आणि अत्याचारी रूपात समोर आला. माधव अभ्यंकर यांनी अण्णांची जरब मालवणी बोलीतून उभी केली. अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता, शकुंतला नरे यांची माई आणि प्रल्हाद कुडतरकर यांचा पांडू यांमुळे तो वाडा प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला.

भुताची भीती दाखवून सुरू झालेली मालिका दुसऱ्या पर्वात जमीन, पैसा आणि स्त्रीदेह यांच्या हावेची गोष्ट झाली. वाड्यात नंतर जे भटकते ते या माणसाने केलेल्या पापांतून जन्मले आहे, हे प्रेक्षकाला दिसले. करोनाच्या टाळेबंदीत चित्रीकरण थांबले आणि १३ जुलै २०२० रोजी मालिका पुन्हा सुरू झाली. त्यानंतर ऑगस्टअखेर हे पर्व संपले. मार्च २०२१ मध्ये तिसरे पर्व आले. त्यात अण्णा आणि शेवंता मृत्यूनंतरच्या रूपात परतले.

१२ सप्टेंबर २०२२ पासूनच्या ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ या मालिकेत भविष्य दिसणारी नेत्रा (तितीक्षा तावडे) आणि विरोचक ही आसुरी शक्ती यांचा संघर्ष आहे. ऐश्वर्या नारकर यांनी साकारलेली रूपाली ही घरातलीच बाई त्या शक्तीचे रूप ठरते. शत्रू उंबरठ्याच्या आत असणे, हा मराठी कौटुंबिक मालिकेचा धागा येथे अद्भुताशी जोडला गेला.

तंत्र. चांगल्या मध्यप्रवेशाची तयारी आधीपासून केलेली असते. एखादे नाव, खूण किंवा अपुरी राहिलेली जुनी घटना आरंभीच्या भागांत पेरली जाते. नव्या पात्राच्या शक्तीला मर्यादा आखून दिलेली असते. दुर्वासांच्या तपाला भक्ताच्या निष्ठेची मर्यादा होती, तशी ती हवी. अन्यथा नायकाचा विजय योगायोग वाटतो. स्वतंत्र पार्श्वसंगीत, ठरावीक रंगाचा प्रकाश, आधी आवाज आणि मग चेहरा अशा क्रमाने पात्राची ओळख करून देतात. मात्र त्या पात्राला नायकाकडून नेमके काय हवे आहे, हे कळेपर्यंत ही सारी सजावट पोकळ राहते.

आक्षेप. अशा मालिकांवर दोन मुख्य आक्षेप घेतले जातात. करणी, भानामती आणि मांत्रिक यांचे चित्रण अंधश्रद्धा वाढवते, हा पहिला. महाराष्ट्रात २०१३ पासून नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा आहे, म्हणून हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. खलपात्र म्हणून वारंवार सून, सासू किंवा विधवा यांनाच रंगवले जाते, हा दुसरा. ज्या समाजात बाईला चेटकीण ठरवून मारहाण झाल्याच्या घटना घडल्या आहेत, तेथे लेखकाची जबाबदारी मोठी आहे.

मूल्यमापन. बाहेरून आणून बसवलेला शत्रू काही आठवडे आकडे वाढवतो आणि विसरला जातो. कथेच्या आतून उगवलेला शत्रू टिकतो. अण्णा नाईक लक्षात राहिले, कारण वाड्यातील प्रत्येक दुःखाचे मूळ त्यांच्यापाशी पोचत होते. झेलिनाला बळ मिळाले ते रक्ताच्या नात्यातील मत्सरातून. अंबरीष आख्यान याच्या एक पाऊल पुढे जाते. त्यात प्रतिपक्ष परत येतो तो हरण्यासाठी नव्हे, तर राजाच्या क्षमेची परीक्षा पाहण्यासाठी. मराठी अद्भुत मालिकांनी वध पुष्कळ दाखवले आहेत. शत्रूला पंक्तीत बसवून मगच स्वतः जेवणारा नायक त्यांनी अजून पुरेशा ताकदीने उभा केलेला नाही. त्याचे कथानक बार्शीच्या परंपरेत तयार आहे आणि मराठी मालिका-लेखकांनी ते अवश्य हाती घ्यावे.